विसराळू पेनड्राइव्ह

४ जानेवारी

भाच्याने अखेर परवानगी दिली, पण अटींसकट. त्याच्या लॅपटॉपमध्ये काही घालायचं नाही, त्यातलं काही काढायचं नाही. "मावशी, आईच्या हातून भलतंच बटण दाबलं गेलं आणि माझं काम उडालं, तर मी कोणाच्या नावाने रडू?" मी म्हटलं, "माझ्या नावाने रड. पण तशी वेळ येणार नाही." बोलून तर बसले. आता निभावायला हवं.

डोकं स्वच्छ राहावं म्हणून सगळं लिहून काढते. धाकटी बहीण मुलाकडे, म्हणजे या भाच्याकडे, गेली त्याला वर्ष उलटून गेलं. "सून कामावर रुजू झाली की नातीकडे कोण बघणार? थोडे दिवस जाऊन येते," म्हणाली होती. त्याआधी आम्ही दोघी याच घरात. तिचे यजमान गेले तेव्हा मीच तिला इथे आणलं. मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही. मोटारींच्या कारखान्यात माल तपासण्यातच माझी सगळी नोकरी झाली. दुपारी मागचं आवरून झालं की आम्ही संगणकासमोर दोन खुर्च्या मांडून होड्यांचा खेळ खेळायचो. एक नदी, दोन काठ, आपापले धक्के बांधायचे, माल चढवायचा, उतरवायचा. ती उजवीकडे, मी डावीकडे. ती गेल्यापासून मी तो उघडलेला नाही. एकटीनेही खेळता येतो, पण मग दोन्ही काठ आपलेच होतात. त्यात काय मजा?

उपाय सापडला आहे. अख्खी यंत्रणाच पेनड्राइव्हवर बसवता येते, खेळासकट. तो लावून लॅपटॉप सुरू केला की लॅपटॉप त्याच्यावरच चालतो, स्वतःच्या डिस्कला शिवतही नाही. पेनड्राइव्ह काढला की लॅपटॉप जसाच्या तसा. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा न ठोकता राहण्यासारखं. भाच्याच्या सगळ्या अटी यात बसतात. आणि इंटरनेटवरून दोघींना एकाच नदीवर खेळता येईल.


७ जानेवारी

दिवस फुकट गेला. फाइल उतरवून घेतली, पेनड्राइव्हवर ठेवली, संगणक सुरू केला. ढिम्म. तीनदा तेच. शेवटी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. तो एकाच वेळी तीन संगणक उघडून बसतो आणि चौथ्याचं झाकण शोधत असतो. म्हणाला, "मॅडम, फाइल नुसती ठेवून चालत नाही. ती लिहायला लागते. त्याचा वेगळा प्रोग्रॅम असतो."

"ठेवणं आणि लिहिणं यात फरक काय?"

"खोक्यातली खुर्ची खोलीत ठेवली म्हणून बसता येतं का? खोलून, जोडून मांडावी लागते."

उदाहरण बरं दिलं. माणूस हुशार, पण टेबलावरचा पसारा बघवत नाही. एक स्क्रू माझ्या चपलेला चिकटून घरी आला, तो उद्या परत देईन.


९ जानेवारी

जमलं. माझ्या संगणकावर चालवून पाहिलं. चिठ्ठीवर पायऱ्या लिहिल्या आणि धाकटीचा चष्मा लक्षात घेऊन अक्षर मोठं काढलं. नदी तशीच आहे. तिच्या काठावरचा शेवटचा धक्का अर्धवट राहिला होता, तोही तसाच. मी काही हात लावला नाही. तो तिचा आहे.

कुरिअरच्या बाईने विचारलं, "आत काय?" मी म्हटलं, "संगणकाचं सामान." खेळ म्हणायला जीभ वळेना. या वयात कशाला लोकांना हसायला निमित्त द्यायचं?


१४ जानेवारी

आज पोचलं. दुपारी धाकटीचा फोन.

"ताई, आलं गं. केवढंसं आहे! कानातल्याच्या डबीत मावेल."

"डबीत ठेवू नकोस. लॅपटॉप बंद आहे ना? लाव."

"लावलं."

"आता सुरू कर आणि लगेच एफ बारा दाबत राहा. टपटप. थांबू नकोस."

"तुझ्या भाच्याचंच सुरू झालं हे. डोंगराचा फोटो आला."

"उशीर केलास. बंद कर. पुन्हा."

चौथ्या वेळी, लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते विचारणारी यादी दिसली. मग ती म्हणाली, "सगळं काळं झालं. संपला वाटतं सिनेमा." मी सांगितलं, थांब. ती थांबली. मी फोनवर तिचा श्वास ऐकत होते. मग एकदम ओरडली, "आली! ताई, नदी आली!"

तिकडचा वायफायचा पासवर्ड टाकायचा, पडद्याचा आकार नीट करायचा, नाव लिहायचं, माझ्या नदीचा पत्ता आणि कुलूपशब्द घालायचा. हे सगळं होईपर्यंत तिची नात बालवाडीतून यायची वेळ झाली. एकच होडी गेली पलीकडे. पण गेली.


१७ जानेवारी

एक दोष आहे. लॅपटॉप बंद केला की पेनड्राइव्ह सगळं विसरतो. नदी माझ्या संगणकावर असल्यामुळे शाबूत राहते, पण तिकडचा पासवर्ड, नाव, पत्ता, सगळं रोज नव्याने घालावं लागतं. म्हणून धाकटी रोज दुपारी फोन करते आणि मी पहिल्यापासून सांगते. अर्धी दुपार त्यातच जाते.

"चिठ्ठी दिली आहे ना तुला?"

"चिठ्ठीवर तेलाचा हात लागला. एफ बारा की एफ अकरा?"

"बारा! किती वेळा सांगू?"

"अगं, तू कारखान्यात माणसांना असंच ओरडायचीस का? बिचारे!"

"ते एकदा सांगितलेलं ऐकायचे."

"ते घाबरून. मी कुठे घाबरते तुला?"

हे खरं आहे. लहानपणापासून कधी घाबरली नाही.


२५ जानेवारी

रोजचंच. पडदा काळा असतो तेवढ्या वेळात ती काहीबाही सांगत बसते. सुनेने पडदे बदलले. नात "आज्जी, तू माझ्या बाबांची आई कशी?" असं विचारते. समोरच्या घरातला माणूस कुत्र्याशी भांडतो आणि मग त्याचीच समजूत काढतो. मला मधेच थांबवून सांगावं लागतं, "आता बघ, आलं का?" आलेलं असतं केव्हाच. तिचं लक्षच नसतं.

आज तिने माझा माल अडवून स्वतःचा पुढे काढला. "डावीकडून जायला हवं होतंस," म्हणाली. बाजूला बसलेली असती तर कोपराने ढोसलं असतं.


३ फेब्रुवारी

भाच्याचा फोन. "मावशी, आईची खोली नुसती पडून आहे. एखादी चांगली भाडेकरू बघ ना. तुला सोबत होईल. आमच्या ओळखीची एक नर्स आहे, तिला तुझ्या भागातच खोली हवी आहे."

मी म्हटलं, "खोली पडून नाही. तुझ्या आईची आहे."

"आईला विचारलं मी. ती म्हणते, ताई ठरवेल तसं."

असं म्हणाली? तिने ठरवायचं की मी? खोली तिची आहे. यायचं असेल तर म्हणावं, मी येते आहे. न यायचं असेल तर म्हणावं, देऊन टाक. मी विचारणार नाही. विचारलं की तो तगादा होतो, आणि तगादा लावून आलेलं माणूस दाराकडे बघत राहतं. मला तसं कोणी घरात नको.

मात्र चादरी धुतल्या. महिन्यातून एकदा धुतेच मी त्या. न वापरलेल्या कापडाला वास धरतो.


६ फेब्रुवारी

नर्सबाई येऊन खोली पाहून गेली. कमी बोलणारी, नखं स्वच्छ. खिडकी उघडून बाहेर पाहिलं आणि पुन्हा नीट लावली. नाकारण्यासारखं तिच्यात काही नाही, हीच अडचण. मार्चमध्ये कळवते म्हटलं.

दुपारी धाकटीला सांगितलं, एक बाई खोली बघून गेली.  ती म्हणाली, "पडदा काळाच आहे अजून." मी म्हटलं, "थांब." थांबलो दोघी. माझ्या हिशेबाने एव्हाना यायला हवं होतं.


१० फेब्रुवारी

गंमत. काल मी कुलूपशब्द सांगायच्या आत तिची होडी माझ्या नदीत हजर. "कसं गं जोडलंस?" तर म्हणाली, "अंदाजाने." आठ अक्षरं, दोन आकडे, अंदाजाने? नशीब जोरावर आहे तिचं. पण आज पुन्हा तेच, "एफ बारा की अकरा?"

सुनेशीही आज बोलणं झालं. म्हणाली, सुट्टीच्या दिवशी नात त्याच पेनड्राइव्हवर होड्या चालवते. हल्लीच्या पोरांना सगळं उपजतच येतं. बालवाडीतली मुलगी स्वतः लावते आणि तिच्या आजीला अजून जमत नाही! धाकटीला हे बोलून दाखवलं. ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. एवढं हसण्यासारखं काय होतं?


१३ फेब्रुवारी

मन खातंय. मी बनवलेली वस्तू रोज बिघडल्यासारखी वागते आणि बहिणीला दररोज तीच उठाबस करावी लागते. कारखान्यात असा माल मी परत पाठवला असता. खेळायला मिळते जेमतेम अर्धी दुपार, ती पासवर्ड टाकण्यात घालवायची?

दुरुस्तीवाल्याकडे गेले. आज तो स्वतःचाच चष्मा शोधत होता, कपाळावर होता. म्हणाला, "सोपं आहे, मॅडम. लिहितानाच पेनड्राइव्हवर थोडी जागा राखून ठेवायची. मग तो लक्षात ठेवतो. बंद केलं तरी."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही आधी का नाही विचारलंत?"

उद्धटपणाच, पण मुद्दा बरोबर.


१६ फेब्रुवारी

नवा तयार. भाच्याचा वायफाय, तिचं नाव, नदीचा पत्ता, कुलूपशब्द, पडद्याचा आकार, अक्षरं मोठी, सगळं आत बसवलं. यादीत आपोआप योग्य ओळ निवडली जाते. भाच्याच्या संमतीने लॅपटॉपही असा लावून घेतला की पेनड्राइव्ह दिसला तर आधी तोच घ्यावा. एफ बाराची कटकट संपली. आता फक्त लावायचा आणि बटण दाबायचं. नोकरी सोडल्यापासून इतकं चोख काम माझ्या हातून झालं नव्हतं.

कुरिअरने पाठवला आणि धाकटीला म्हटलं, हा आला की जुना टाकून दे किंवा परत पाठव. दोन्ही एकत्र ठेवलेस तर घोळ घालशील.

"बरं," म्हणाली. जरा वेळाने, "म्हणजे आता तुला विचारायला नको."

"अजिबात नको!" मी म्हटलं.


२० फेब्रुवारी

नवा पोचला. उत्तम चाललं. दुपारी मी संगणक लावला तर तिची होडी आधीच धक्क्याला लागलेली. एक शब्द बोलावा लागला नाही. पूर्ण दुपार खेळ झाला.


२३ फेब्रुवारी

खेळ झाला. तिने तीन वेळा माल उतरवला, मी चार.


२५ फेब्रुवारी

खेळ झाला. घरात फार शांत वाटलं म्हणून पंखा लावला. थंडी असूनही.


१ मार्च

चार दिवस तिची होडी आली नाही. नक्कीच पेनड्राइव्ह खराब निघाला. अशा स्वस्त मालाचा भरवसा नाही. की राखलेली जागा भरली? भरली तर यंत्रणा अडकते म्हणतात. फोन करून विचारावं. पण बिघडलं असतं तर तिनेच केला असता ना? एवढं बिघडल्यावर तरी करायला हवा होता.

दुपारभर संगणक चालू ठेवला. तिच्या काठावर कोणी नव्हतं. माझा माल भरून ठेवला आणि तसाच ठेवला.


३ मार्च

शेवटी मीच फोन लावला.

"पडद्यावर काय लिहून येतं? जसंच्या तसं वाच."

"काही येत नाही. छान चालतं."

"मग खेळत का नाहीस?"

"कोणाशी खेळू?"

"कोणाशी म्हणजे? माझ्याशी!"

"तू कुठे असतेस? तुझी होडी असते."

मी म्हटलं, "मग फोन करायचा."

"काय काम सांगू? तुला बिनकामाचा फोन केला की तू म्हणतेस, 'हं, बोल, काय काम?' मी म्हणते, काही नाही. तू म्हणतेस, 'मग ठेवू?' ताई, तू पहिल्यापासून अशीच आहेस, मला त्याचं काही नाही. पण काम असलं की तू केवढा वेळ बोलतेस! ओरडतेस पण बोलतेस."

मी म्हटलं, "म्हणजे तुला एफ बारा ठाऊक होतं."

"दुसऱ्या दिवसापासून."

राग यायला हवा होता. किती दुपारी घसा कोरडा केला मी! आला नाही. नवा पेनड्राइव्ह निर्दोष आहे, हे मात्र तिला पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "हो गं, निर्दोष आहे."


४ मार्च

दुपारी फोन वाजला. "ताई, सगळं गेलं पुन्हा. पासवर्ड मागतंय."

"अशक्य. त्यात सगळं बसवलं आहे."

"जुना लावलाय."

"टाकून दे म्हटलं होतं मी तुला!"

"नाही टाकला. ओरड."

मी ओरडले नाही. सावकाश सगळं सांगितलं, पहिल्या पायरीपासून. पडदा काळा होता तेव्हा मी तिला नर्सबाईच्या नखांबद्दल सांगितलं, दुरुस्तीवाल्याच्या कपाळावरच्या चष्म्याबद्दल सांगितलं. मला गोष्टी सांगता येत नाहीत, मधला भाग राहून जातो. तरी ती हसली.


१२ मार्च

नर्सबाईचा निरोप आला. एप्रिलपासून हवी आहे, नाहीतर ती दुसरी बघेल.

आज ठरवलं होतं, पडदा काळा असतानाच विचारायचं. तेव्हा ती थांबलेली असते, मीही. म्हटलं, "नर्सला काय सांगू?"

"तू सांग काय सांगायचं ते."

"मला तिला नाही म्हणायचं आहे." मग जे आयुष्यात कोणाला म्हटलं नव्हतं ते म्हटलं. "तू घरी ये. मला तू इथे हवी आहेस."

मी माझ्या नदीकडे बघत राहिले. 

"वर्षभर वाट बघितली गं, तू कधी म्हणतेस," ती म्हणाली. "आधी म्हणाली असतीस तर उठून आले असते. आता ही पोर माझ्याशिवाय जेवत नाही. झोपताना माझा पदर मुठीत धरते. मला तुझ्याकडे यायचंय, ताई, आणि हिची मूठ सोडवत नाही. काय करू तूच सांग."

ती रडत होती. मला अशा वेळी काय बोलायचं ते कळत नाही. पायरी माहीत असती तर सांगितली असती.

मग तीच म्हणाली, "नर्सला हो म्हण. एकटी राहू नकोस."

नदी आली होती तोपर्यंत. आम्ही खेळलो नाही.


१४ मार्च

नर्सबाईला हो कळवलं.


३१ मार्च

उद्या नर्सबाई राहायला येणार. हमालांनी सकाळी धाकटीची शिलाई मशीन माझ्या खोलीत आणून ठेवली आणि जड कपाट सरकवून गेले. बाकीचं माझं मलाच करायचं होतं.

दुपारी फोन आला. म्हटलं, "आज खेळ नाही. खोली लावते आहे."

"मग मी आहे फोनवर. कपाट कुठे ठेवलंस?"

"दाराजवळ."

"दाराजवळ नको, दार अर्धंच उघडतं मग. मी काय सहन केलं ते मलाच ठाऊक! कोपऱ्यात घे."

दार पूर्ण उघडत होतं, मी मापून ठेवलं होतं. तरी कपाटाला खांदा लावून ते वीतभर ढकललं.

"घेतलं. पुढे?"

"पलंग भिंतीला चिकटवू नकोस. थंडीत भिंत गार पडते. खिडकीकडून जरा आत, म्हणजे सकाळचं ऊन पायांवर येतं, डोळ्यांवर नाही."

मी पलंग ओढला. तिच्या पलंगाच्या पायांचे डाग फरशीवर अजून आहेत, नेमके तिथेच बसले.

"चादर कोणती घालतेस?"

"पांढरी."

"अगं, दिवसभर पांढऱ्याच चादरी बघून येणार ती. निळी घाल."

"निळी कुठे आहे?"

"कपाटात, दुसऱ्या कप्प्यात, मागच्या बाजूला. तीच, काठाला दोरा उसवलेली. मी शिवणार होते."

निळी चादर माझ्या हातातच होती. उसवलेला काठ मी केव्हाच शिवला आहे. ती कडेवर घेतल्यासारखी धरून मी पलंगावर बसले.

"सापडत नाही गं," मी म्हटलं. "सावकाश सांग."